तीन गावाईचे ताटं

१२ जानेवारी

आज तीन गावचे सरपंच एका बाजेवर बसले अन् बाज मोडली.

हसून हसून लिहून राह्यली, अक्षर वाकडं येत असन तर येऊ दे. बाज आमची, अंगण आमचं, अन् बसणारे आम्ही तिघं: मी बोरसावळीची सरपंच समता, हिवरझिऱ्याचे सरपंच राजकुमारभाऊ, अन् काटेपिंपळच्या सरपंच सत्यभामाबाई. राजकुमारभाऊ एकटेच दोघाइच्या वजनाचे. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "आपले तिन्ही गावं एका नाल्यावर आहेत, तर आपण तिघाइनं बी एका जागी बसलं पाह्यजे," अन् तेवढ्यात कडकड! सत्यभामाबाई खाली आदळल्या, पण कपातला चहा काही सांडू देला नाही. म्हणे, "बसलो व माय एका जागी. आता पुढचं बोल."

पुढचं मी खालीच बसून बोलली. हिवरझिरा नाल्याच्या वरच्या अंगाले, आमचं गाव मधात, काटेपिंपळ खालच्या अंगाले. हिवरझिऱ्यात लगन लागलं का दुसऱ्या दिवशी थर्माकोलचे ताटं, प्लास्टिकचे गिलास आमच्याकडे हजर. आमचे उष्टे काटेपिंपळले. मांगच्या उन्हाळ्यात आमची चंद्री गाय फुगून मेली. डॉक्टरनं पोट फाडून दाखवलं, तर आतमधी प्लास्टिकच्या पत्रावळीचा गोळा, माह्या दोन्ही हातात मावत नव्हता. मी तवाच मनात घेतलं का हे बंद करीन. पण एकट्या गावानं बंद करून काय होते? वरून येतच राहीन. करायचं तर तिघाइनं मिळून.

म्हणून तिन्ही ग्रामपंचायतीचं मिळून एक भांडे-भांडार. स्टीलचे ताटं आमची पंचायत घेईन. ठेवायले हिवरझिऱ्याची जुनी पंचायतीची खोली रिकामी आहे. न्यायले-आणायले काटेपिंपळचा ट्रॅक्टर. घासायले तिन्ही गावच्या बचत गटाच्या बाया, मजुरी देऊन. अन् घासल्याचं पाणी शाळेच्या झाडाइले. एका पंचायतीले हे झेपत नाही, तिघीले झेपते.

आमचा ग्रामसेवक शौनक, बुलढाण्याचा पोरगा, तिन्ही गावाले तोच एक. तो म्हणे, "मॅडम, संयुक्त समितीची तरतूद कायद्यात आहे. पण कोणी वापरलेली मी अजून पाहिली नाही." म्हटलं, "तुम्ही तर पह्यलेच सामाईक आहा, आता ताटं बी होऊ द्या." बिचारा लाजला.

बाबा ओट्यावरून सारं ऐकून राह्यले होते. म्हणे, "तुमचे ताटं तुम्हाले लखलाभ. मी माह्याच ताटात जेवन." हे त्याइचं जुनं खूळ. जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं ताट आहे, चेपलेलं, खिळ्यानं 'भाऊराव' असं कोरलेलं. शाळेत जायचे तवा आजीनं घेऊन देल्लं होतं. कोणाच्या बी लगनाले जाओ, पिशवीत ताट. मले लय लाज वाटते. आजीनं एकुलता एक पोरगा म्हणून लाडावून ठेवेल होता, दुसरं काय!

२६ जानेवारी

तिन्ही गावात ग्रामसभा एकाच दिवशी, अन् ग्रामसेवक एक! शौनकनं सकाळी हिवरझिऱ्यात झेंडावंदन करून ठराव लिहिला, मंग आमच्याकडे आला, मंग काटेपिंपळले पळाला. आमच्या सभेत घाईघाईत त्यानं हिवरझिऱ्याचाच ठराव वाचला. आमच्या लोकाइनं टाळ्या वाजवून मंजूर बी केला. चूक मंग ध्यानात आली तवा पुन्हा वाचला, पुन्हा टाळ्या.

काटेपिंपळले एकानं इचारलं म्हणे, "ताटं आमच्याकडे आले अन् चमचे त्याइच्याकडे राह्यले तर?" सत्यभामाबाई उत्तरल्या, "तुले हात नाहीत का बे?" ठराव एकमतानं पास.

मले आज उडावंसं वाटून राह्यलं. खरंच उडावंसं.

९ फेब्रुवारी

ताटं आले! मेहकरहून टेम्पो आला अन् अख्खं गाव पंचायतीपुढे. उन्हात ताटं अशे चमकत होते का पाहणाऱ्याचे डोये मिटत. आईनं एक उचलून टिचकी मारली, टण्णकन वाजलं, म्हणे जाड आहे, हलकं नाही. आईनं चांगलं म्हटलं म्हणजे खरंच चांगलं.

अन् माही कमाल ऐका. दुकानदार म्हणे, "नाव टाकायचं का?" हे काय इचारणं झालं? बिना नावाचं ताट कोणाच्या घरात असते! मी सांगतलं, टाका. प्रत्येक ताटावर मधोमध बारीक ठिपक्याइनं: 'ग्रामपंचायत बोरसावळी, सरपंच समता'. मी तर एकेक ताट उचलून माहं नाव वाचत बसली. बाबा म्हणे, "आता पोट भरलं असन." भरलंच होतं.

११ फेब्रुवारी

सारं मुसळ केरात गेलं.

हिवरझिऱ्यात आज लगन होतं, भांडाराचं पह्यलं लगन व्हायचं होतं. राजकुमारभाऊ सकाळीच आले, गाडीवरून उतरलेच नाहीत. "ताई, पोरीवाले थर्माकोल घेऊन आले."

"काऊन?"

"तुमच्या गावचं नाव आहे न ताटावर. पाहुण्याइपुढे कसं मांडावं म्हणते. दुसऱ्या गावचं मांगून आणलं असं दिसते."

"अजून काय म्हणते?"

त्याइनं गाडीच्या आरशात पाह्यलं. "अजून काही नाही."

अजून काही नाही! मी काय आज जन्मली का? माह्या नावात त्याइनं काय काय वाचलं ते मलेबी वाचता येते. डोकं अशं तापलं का मी राजकुमारभाऊले चहाबी नाही इचारला. ते तसेच गेले, अन् मंग मलेच वाईट वाटलं, मानूस तसा वाईट नाही, मताले भेते फक्त.

दुपारी सत्यभामाबाईचा फोन. "समता, आमचे लोक म्हणते ताटं बोरसावळीचे अन् ट्रॅक्टर काटेपिंपळचा, म्हणजे आपण त्याइचे हमाल का?" लोकाइच्या मनात जे आहे ते आहेच, पण त्याइले कारण हाती देणारी मीच. तिघाइचं भांडार, अन् नाव एकटीचं टाकून बसली. एवढी बी.ए. झाली अन् अक्कल कोठी गहाण ठेवली होती!

शौनक म्हणे, नाव घासून काढता येईल का. दुकानदाराले इचारलं. तो म्हणे, ताट झिजन पण नाव नाही जाणार. एवढं पक्कं काम त्यानं यावर्षी एकच केलं असन, अन् ते माह्या नशिबी.

२० फेब्रुवारी

नाला थर्माकोलनं पांढरा. मी अन् शौनक कपडे वर खोचून गोळा करून राह्यलो. वरून नवे येऊनच राह्यले. मी तिथंच उभी राहून रडली. शौनकनं तोंड तिकडे फिरवलं अन् आपला गोळा करत राह्यला.

४ मार्च

रेवतीचा फोन आला! मेहकरच्या कॉलेजात ती माह्या दोन वर्षं मांगं होती. हिवरझिऱ्याच्या चिंतामणरावांची नात. चिंतामणराव म्हणजे तहसीलीतले रिटायर कारकून, घरात पूजापाठ, गावात त्यांचा शब्द मोठा. सत्तावीस एप्रिलले रेवतीचं लगन, गावातच.

"समताताई, मला थर्माकोल नको आहे गं. पण आजोबा म्हणतात, ती नावाची ताटं आपल्याकडे नकोत."

"नावाची का अजून कशाची?"

ती म्हणे, "तू काहीतरी कर ना. माझ्यानं त्यांच्यापुढे बोलवत नाही."

सोपं गणित आहे. त्या घरी आमचे ताटं मांडल्या गेले तर अख्खं हिवरझिरा मांडीन. नाही मांडल्या गेले तर भांडार संपलं, कारण राजकुमारभाऊनं साफ सांगतलं आहे, या सीझनमधी खोलीचा उपेग नाही झाला तर तिथं खताच्या थैल्या ठेवतीन. अन् मंग नाल्यातलं थर्माकोल अन् मी, जन्मभर.

संध्याकाळी आई ताटं फडताळात लावत होती. मी तिच्यामांगं भुणभुण करून राह्यली होती, नाव कसं काढू, नाव कसं काढू. आई वैतागली. "अव, आपल्या घरात माह्या नावाचं एक तरी ताट आहे का पाह्य बरं!"

पाह्यलं. एकावर धामणगाव बढ्याच्या मामाचं नाव, एकावर सोनाळ्याच्या आत्याचं, एकावर कोणाच्या तरी वास्तुशांतीची तारीख, एका वाटीवर तर अशा मानसाचं नाव का तो आईलेबी आठवेना. सारे आहेराचे.

"सारे दुसऱ्याच्या नावाचे," आई म्हणे. "जेवतो न आपन त्यात?"

मी आईले उचललं. खरंच उचललं, फडताळापासून चुलीपर्यंत. ती ओरडून राह्यली होती, "कंबर मोडशीन व माही!"

तिन्ही गावातल्या हरेक घरानं एक ताट द्यायचं! ज्याच्या नावाचं असन त्याच्या नावाचं! एकटीचं नाव काढता येत नाही न, तर साऱ्याइचे नावं मिसळू. माहं नाव असन त्यात कोठी तरी, वरणाखाली.

१६ मार्च

ताटं गोळा करणं म्हणजे काय मज्या असते हे ज्यानं केलं त्यालेच ठाऊक! बाया फडताळं उपसून राह्यल्या. "हे नणंदेनं देल्लं, हेच ने!" "हे ने माय, याच्यावरून आमचं एकदा भांडण झालं." राजकुमारभाऊच्या बायकोनं एक मांगतलं तर सात देले, म्हणे घरात जागा झाली. काटेपिंपळले एक म्हातारी ताट देऊन पुन्हा मांगं आली, ताटाचा मुका घेतला अन् पुन्हा देलं.

रेवतीनं आजोबाले न सांगता घरातले चार आणून देले. त्यातलं एक चिंतामणरावाले ऑफिसनं रिटायरमेंटले देलेलं, नाव अन् हुद्द्यासहित.

शौनकच्या डोक्याले मातर ताप. "लोकांची ताटं मालमत्ता नोंदवहीत कोणत्या रकान्यात घेऊ, मॅडम?" अन् राजकुमारभाऊनं एक अट घातली: तिन्ही गावचे ताटं येगळ्या येगळ्या पोत्यात राहतीन, ज्या गावचं लगन त्याले त्याच गावचे. मी म्हटलं, मंग सामाईक काय राह्यलं? ते म्हणे, "ताई, लोकाइले हळूहळू घ्यावं लागते." मी दात खाऊन हो म्हटलं. तीन पोते तर तीन पोते. पण घशाखाली उतरून नाही राह्यलं.

घरी आली तर बाबाले म्हटलं, तुमचं बी द्या आता. ते म्हणे, "माहं नाही." मंग काय तरी सांगाले लागले, हिवरझिऱ्याच्या शाळेत खायले सुकडी भेटे, चिंतामण वर्गाचा मॉनिटर होता, तो वाढे, लय वरून टाके, अर्धी भुईवर सांडे. बाबा हसून हसून सांगून राह्यले होते. इकडे शौनकचा फोन चालू होता रकान्याचा, मले अर्धंच ऐकू आलं. एवढंच समजलं का चिंतामणराव लहानपणापासूनच वेंधळे आहेत. अन् बाबा ताट घासायले नाल्यावर जायचे म्हणे, शाळेच्या मधल्या सुट्टीत. एवढी साफसफाईची आवड तवापासून!

२२ मार्च

आज जे झालं ते लिहायले कागद पुरणार नाही. मले अजूनबी हसू येऊन राह्यलं.

ट्रॅक्टर निघाला तिन्ही गावचे पोते घेऊन, हिवरझिऱ्याच्या खोलीत टाकायले. पोत्याइच्या वर सत्यभामाबाई, तोंडात मशेरी, ड्रायव्हरले रस्ता सांगून राह्यल्या. मांगं गाडीवर मी अन् शौनक. नाल्याच्या पुलापाशी सत्यभामाबाई म्हणे, "डाव्या अंगानं घे रे." डाव्या अंगाले तर दगड! मी ओरडली, पण त्या म्हणे, "घे तू, मी सांगतो न." ट्रॉलीचं चाक दगडावर चढलं, ट्रॉली कलंडली, सत्यभामाबाई टुण्णकन उडी मारून उतरल्या, अन् पोते गेले खाली. अन् मंग ताटाइचा आवाज! पोळ्याले शंभर बैल एकदम धावले तरी एवढा नाही होणार. ताटं गडगडत गेले, थेट नाल्याच्या रेतीत. पाणी नव्हतं म्हणून बरं.

तिन्ही गावचे लोक धावत आले. राजकुमारभाऊ आले, डोक्याले हात. "आता येगळे करा! हिवरझिऱ्याचे हिकडे, बोरसावळीचे तिकडे!"

करा म्हणणं सोपं आहे. एकानं ताट उचललं: 'मामाकडून, धामणगाव बढे.' कोणत्या गावच्या मामाकडून? आमच्या बी घरी धामणगावचा मामा, काटेपिंपळच्या पाटलाच्या बी घरी. दुसरं उचललं: 'प्रेमाची भेट, जानेफळ.' जानेफळच्या पोरी तिन्ही गावात देल्या आहेत! एक बाई म्हणे, हे माहं, पाह्य हा पोचा. दुसरी म्हणे, पोचा तर माह्या नवऱ्यानं पाडेल आहे! घंटाभर सारे बसून ताटं वाचून राह्यले, अन् जो बी वाचे त्याले आपल्याच कोण्या सोयऱ्याचं नाव सापडे. हिवरझिऱ्याच्या एका बाप्यानं ताट वाचलं अन् एकदम आरोयी ठोकली, "हे तर माह्या सासऱ्याचं! तुमच्या गावात कसं गेलं?" लोक पोट धरून हसले.

शेवटी राजकुमारभाऊ बी रेतीत बसले अन् हसू लागले. म्हणे, "भरा एकाच ढिगात. आता काही येगळं होत नाही."

सत्यभामाबाईनं मशेरी थुंकली. मी इचारलं, "काकू, डाव्या अंगानं काऊन घ्यायले लावलं?" म्हणे, "मले चष्म्याबिगर दिसत नाही न व." चष्मा तर त्याइच्या नाकावरच होता! म्हातारपणी होते असं.

१४ एप्रिल

जयंतीचं जेवण भांडारच्या ताटात. तिन्ही गावातून लोक आले, हिवरझिऱ्याहून बी आले, अन् पुऱ्या कमी पडल्या. जो तो ताट हाती घेतल्याबरोबर नाव वाचे अन् शेजारच्याले इचारे, तुले कोण आलं? थर्माकोलचा एक तुकडा नाही झाला. मी नाल्यावर जाऊन पाहून आली.

बाबा आपल्याच ताटात जेवले. एवढ्या लोकाइत एक जर्मनचं ताट! मी जाऊन म्हटलं, बाबा, आज तरी. ते म्हणे, "आज घरचंच जेवण आहे, इथं काय फरक पडते."

रेवतीचा निरोप: आजोबा अजून हो म्हणाले नाहीत. नाही बी म्हणाले नाहीत.

२० एप्रिल

चिंतामणराव हो म्हणाले!

रेवतीनं सांगतलं. राजकुमारभाऊ स्वतः गेले होते त्याइच्या घरी. चिंतामणराव म्हणे, "कोणा कोणाची ताटं आहेत ती?" राजकुमारभाऊ म्हणे, "काका, तुमची बी आहेत त्यात. रिटायरमेंटचं सुदिक." चिंतामणराव आधी रेवतीवर तडकले, मंग म्हणे आमची तेवढी काढून आणा. राजकुमारभाऊ म्हणे, "तुम्हीच या अन् निवडा." अन् म्हणे म्हातारबा खरंच खोलीवर गेले, त्या ढिगापुढे उभे राह्यले, चारदोन ताटं उलटेपालटे करून वाचले अन् रिकाम्या हातानं परत आले. संध्याकाळी म्हणे, "आणा."

मताले भेणारा मानूस अन् एवढं बोलला! मी राजकुमारभाऊले फोन करून म्हटलं, घरी या, चहा पाजते, बाजेवर नाही, खुर्चीवर बसवते.

बाबाले सांगतलं तर जेवता जेवता थांबले. "चिंतामणच्या घरी? आपल्या गावचे बी?" हाव म्हटलं, साऱ्याइचे मिसळून. मंग किती तरी येळ ताटाकडेच पाहत राह्यले. हिवरझिऱ्याचं नाव निघालं का त्याइचे गुडघे दुखतात.

२६ एप्रिल

उद्या लगन! खोलीवरून ट्रॅक्टर भरायले गेली, तर बाबा आधीच तिथं. हिवरझिऱ्यात! गुडघ्याचं कारण सांगून त्याइनं या गावाचा रस्ता कधीचा सोडेल होता, अन् आज सायकलवर आले. पिशवीतून आपलं जर्मनचं ताट काढलं अन् ढिगात ठेवलं.

"बाबा! खरंच?"

"तुह्या भांडारात भाऊरावचं नाव नोको का?"

मी तिथंच टाळ्या वाजवल्या. एवढी हवा झाली माह्या भांडाराची का बाबालेबी लागली! आईले सांगतलं तर ती हसलीबी नाही, फक्त म्हणे, "उद्या ताटं मांडायले मी जातो. पंगत मीच मांडन." म्हटलं, तू कशाले, बचत गटाच्या पोरी आहेत. म्हणे, "मीच मांडन म्हटलं न एकदा." आईचा आवाज असा झाला का कोणी नाही म्हणत नाही.

२७ एप्रिल

झालं! झालं! झालं!

अख्खं लगन स्टीलच्या ताटात! मांडवात पंगती बसल्या, अन् ताट पुढे आलं का हरेक पाहुणा आधी नाव वाचे. नवरदेवाकडचे अकोल्याचे पाहुणे, त्याइले तर लय मज्या आली. एकजण म्हणे, "आमच्या गावातबी करता येईन का हे?" शौनक पुढे धावला, संयुक्त समितीची तरतूद सांगायले! त्याचं वरण थंड झालं पण सांगणं थांबलं नाही. राजकुमारभाऊले ताट आलं त्यावर त्याइच्याच बायकोच्या माहेरचं नाव, म्हणे, "इथंबी सासरा!" सत्यभामाबाईनं बुंदी तीनदा घेतली.

आता पाहा योगायोग. चिंतामणराव नातीच्या सासरच्या मोठ्या लोकाइसोबत पह्यल्या पंगतीत बसले. अन् साऱ्या चकचकीत स्टीलमधी त्याइच्या पुढे कोणतं ताट यावं? बाबाचं! चेपलेलं जर्मनचं! मी पाह्यलं अन् म्हटलं, एवढ्या मानाच्या मानसापुढे अशं ताट. आईले खुणावलं, बदल म्हणून. आई त्याच पंगतीत ताटं मांडत होती, पण तिनं पाह्यलंच नाही माह्याकडे. सरळ पुढे गेली.

चिंतामणरावानं नाव वाचलं. मी दूर होती तरी मले दिसलं, बोट फिरवून वाचलं त्याइनं. वाढपी वरण घेऊन आला तर हात आडवा केला, थांब म्हणून. मले वाटलं, आता उठतात. आता संपलं. इथंवर येऊन एका चेपलेल्या ताटानं सारं घालवलं असं वाटलं.

पण नाही उठले. हात काढला अन् वाढपीले म्हणे, "खाली वाक. वाकून वाढ." तो बिचारा वाकला. मंग सारं जेवले, वरण, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, एक शीत नाही टाकलं.

अन् बाबा! बाबा दुसऱ्या पंगतीत बसले, तिकडच्या कोपऱ्यात. आईनं त्याइच्यापुढे ताट ठेवलं, त्यावर 'सरपंच समता'! पाहा, एवढ्या ढिगातून माहंच नाव निघावं! योगायोगच योगायोग. बाबानं नावावर वरण नाही वाढू देल्लं, भाताचं आळं अल्याड केलं. मी जवळून गेली तर म्हणे, "तुह्या नावाचं ताट गोड लागते व."

जेवण झाल्यावरची गंमत तर सांगायचीच राह्यली. मांडवाच्या मांगं बाया ताटं घासायले बसल्या होत्या. तिथं चिंतामणराव आले, सोवळं-उपरणं तसंच, हातात बाबाचं उष्टं ताट. बाया उठल्या, द्या काका म्हणून. देईनात! बादलीपाशी उकिडवे बसले, राख घेतली अन् घासू लागले. नातीचं लगन चालू आहे, पाहुणे शोधून राह्यले, अन् हा मानूस ताट घासत बसला! रेवती धावत आली, "आजोबा, अहो काय करताय?" म्हणे, "थांब गं. पुष्कळ वर्षांचं आहे." जर्मनच्या ताटाचा काळेपणा जात नाही लवकर, म्हणून म्हणत असतीन. पुसून, उपरण्यानं कोरडं करून, ढिगावर सगळ्यात वर ठेवलं. आई हातातलं काम टाकून तिथंच उभी होती, पदर खोचून, पाहत.

संध्याकाळी ट्रॅक्टरवर ताटं परत खोलीत गेले अन् आम्ही घरी आलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी त्याइले हे सारं हसून हसून सांगतलं, चिंतामणराव कशे उकिडवे बसले, उपरणं कसं भिजलं, रेवती कशी ओरडली. मले वाटलं बाबा हसतीन. ते नाही हसले. सारं ऐकून घेतलं.

मंग म्हणे, "राख लावून घासलं का त्यानं?"

"हाव न बाबा. चकचकीत."

"काठाले बी? काठाले राह्यते उष्टं."

"काठाले बी घासलं. मी पाह्यलं."

"बरं," म्हणे. अन् आईले म्हणे, "सकाळी मले कोणत्याबी ताटात वाढ."